बाथरूममधला लूफा आणि भज्यांचं घोसाळं

"प्लॅस्टिकची जाळी फेकून नैसर्गिक लूफा घेऊ का?" हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की आजचा अख्खा भाग त्यावरच केला. ज्यांना इयरफोन लावता येत नाही त्यांच्यासाठी हा लेखी भाग. बोलले तसंच ठेवलंय, अडखळणं तेवढं गाळलंय.

आधी एक गैरसमज काढू. लूफा समुद्रातून येत नाही. समुद्रातला स्पंज हा प्राणी असतो. लूफा म्हणजे आपलं घोसाळं, खानदेश-विदर्भातलं गिलकं. हो, तेच, ज्याची पावसाळ्यात भजी होतात. कोवळं तोडलं तर भाजी, वेलावरच ठेवलं तर घासणी. शिरांचा दोडका हा याचा सख्खा भाऊ. शास्त्रीय नावात मात्र 'इजिप्शिआका' असं आहे, कारण युरोपातल्या वनस्पतीतज्ज्ञांनी ते इजिप्तमध्ये पाहिलं. 'लूफा' हा शब्दसुद्धा अरबीतूनच आलाय.

आता आत काय घडतं ते बघा. फळात पाणी आणि अन्न वाहून नेणाऱ्या बारीक शिरांचं जाळं असतं. फळ जून होतं तशा या शिरा लाकडासारख्या टणक होतात, गर वाळून जातो आणि मागे फक्त जाळं उरतं. मधे साधारण तीन लांब पोकळ्या, त्यात बिया. फळ पूर्ण वाळलं की टोकाचं झाकण गळून पडतं आणि वारा आला की बिया खाली सांडतात. म्हणजे वेलाच्या दृष्टीने हे मिठाच्या डबीसारखं आहे, आपल्या पाठीचा त्यात काही विचार नाही!

या जाळ्याचा ७९ ते ९३ टक्के भाग निव्वळ पोकळी असतो. एक घन सेंटिमीटर तुकड्याचं वजन ०.०२ ते ०.०४ ग्रॅम, तेवढ्याच पाण्याचं १ ग्रॅम. इतकं हलकं, तरी चिवट. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी वाळलेलं घोसाळं यंत्रात दाबून पाहिलं, तर धक्का शोषण्यात ते त्याच वजनाच्या काही धातूंच्या फोमच्या तोडीचं निघालं. मुंबईच्या इंडियन स्कूल ऑफ डिझाइन अँड इनोव्हेशनमध्ये माती, सिमेंट, कोळसा आणि लूफ्याचे धागे मिसळून विटा केल्या गेल्या. पॅराग्वेमध्ये एल्सा सालदिवार यांनी लूफा आणि टाकाऊ प्लॅस्टिकचे तक्ते करून स्वस्त घरांसाठी वापरायचं ठरवलं. त्यांना २००८ मध्ये रोलेक्स पुरस्कार मिळाला.

पण मला सगळ्यात भारी वाटलेलं काम पाकिस्तानातलं आहे. सांडपाण्यातले जड धातू शेवाळं शोषून घेतं, हे माहीत होतं. अडचण अशी की शेवाळाच्या पेशी पाण्यात मोकळ्या सोडल्या तर नंतर गाळून काढायच्या कशा? जेलच्या गोळ्यांत कोंडल्या तर पाणी आतपर्यंत नीट पोचत नाही. मुहम्मद इक्बाल यांनी १९९३ पासून यासाठी वाळलेलं घोसाळं वापरून पाहिलं. पेशी त्याच्या धाग्यांना धरून वाढतात, पाणी आरपार वाहतं, आणि काम झालं की तुकडा उचलून बाहेर काढायचा. पुढे त्यांच्या गटाने लूफ्यावर वाढवलेल्या क्लोरेला शेवाळाने पाण्यातलं कॅडमियम आणि निकेल काढून दाखवलं. जपानमध्ये यीस्टला असंच घर देऊन इथेनॉल बनवण्याचे प्रयोग झाले. एक मर्यादा आहेच: लूफा शेवटी वनस्पतीचा, त्यामुळे सतत ओला राहिला की कुजतो.

आता बाथरूममध्ये या.

ओलावा धरणारं, पोकळ्याच पोकळ्या असलेलं, सूक्ष्मजीवांना घट्ट धरून ठेवणारं जाळं. प्रयोगशाळेत याच गुणासाठी ते हवं असतं. तुमच्या नळाला लटकवलं की तोच गुण तुमच्यावर उलटतो, शिवाय तुम्ही रोज त्यात त्वचेच्या मृत पेशींचा खुराक घालता! न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या संशोधकांनी १९९३ आणि १९९४ मध्ये यावर लिहिलंय. सुडोमोनास नावाच्या जिवाणूमुळे एका रुग्णाच्या केसांच्या मुळांशी फोड आले आणि माग काढला तर जिवाणू लूफ्यातच सापडला. पुढे त्यांनी निर्जंतुक लूफ्याचे तुकडे नुसते पाण्यात भिजवून त्यावर जिवाणू सोडले. तरी ते वाढले.

म्हणून घाबरून फेकू नका, फक्त नीट वापरा. आंघोळ झाली की खळखळून धुवा, पिळा आणि बाथरूमबाहेर टांगा, ऊन येत असेल तर उत्तमच. पावसाळ्यात तो वाळतच नसेल तर सरळ हाताने साबण लावा, काही बिघडत नाही. दाढी किंवा वॅक्सिंग झाल्यावर, जखमेवर, पुरळावर आणि चेहऱ्यावर नको. घरात सगळ्यांना मिळून एकच, हे तर अजिबातच नको. तीन-चार आठवड्यांनी बदला; वास आला किंवा काळे डाग दिसले तर त्याच दिवशी. प्लॅस्टिकच्या जाळीतही जिवाणू राहतातच, पण जुना लूफा निदान कुंडीत कुजून जातो.

खाण्याबद्दलही विचारलं होतं. "घोसाळ्याने मधुमेह जातो" छाप फॉरवर्ड येतात, पण त्यामागचे बहुतेक प्रयोग उंदरांवर किंवा काचेच्या भांड्यातल्या पेशींवर झालेत. बियांत लुफिन नावाचं प्रथिन असतं, ते पेशीची प्रथिनं बनवण्याची यंत्रणा बंद पाडतं. म्हणून कर्करोगाच्या अभ्यासात त्याकडे लक्ष गेलं, पण त्याचा अर्थ बिया वाटून प्या असा होत नाही. भाजी खा, मस्त पचते, औषध मात्र डॉक्टरांनी दिलेलंच सुरू ठेवा.

आणि चिरताना कच्ची फोड जिभेला लावून बघायची आजीची सवय सोडू नका. कडू लागली तर कुकुरबिटासिन असू शकतं. ते शिजवूनही जात नाही आणि जास्त पोटात गेलं तर उलट्या-जुलाबांनी माणूस गंभीर होतो. दुधीच्या कडू रसाबद्दल आयसीएमआरच्या तज्ज्ञांनी हाच इशारा दिला होता. तेव्हा कडू फोड लगेच थुंका, चूळ भरा, आणि ते घोसाळं कचऱ्यात टाका.