कपाटामागची भिंत

पावसाळ्यात कपाट उघडावं आणि कुबट वासाचा भपकारा यावा, हा अनुभव आपल्यापैकी कुणाला नाही? मग आपण काय करतो? चार डांबराच्या गोळ्या टाकतो आणि दार लावून घेतो. गोळ्यांनी वास झाकला जातो, ओल जात नाही.

मीही तेच करत होते. धाकट्याचा रात्रीचा खोकला काही केल्या हटेना, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "हा झोपतो कुठे?" घरी आले आणि त्याच्या उशाजवळचं कपाट ओढलं. मागची भिंत काळ्या-हिरव्या ठिपक्यांनी भरलेली! दर दिवाळीला आम्ही त्याच भिंतीला रंग देत होतो.

बुरशीचे सूक्ष्म बीजाणू हवेत बाराही महिने असतात. ते कुणालाच हटवता येत नाहीत. रुजायला मात्र त्यांना ओल लागते. लाकूड, कातडं, पुस्तकांची खळ, भिंतीवरची धूळ, सगळं त्यांना खायला चालतं. वस्तू दोन दिवस ओली राहिली तरी पुरे. दमा किंवा अ‍ॅलर्जी असलेल्यांना हेच बीजाणू श्वासातून त्रास देतात. म्हणून बुरशी दिसली की पहिला प्रश्न एकच: पाणी येतंय कुठून?

शोध असा घ्या

आधी नाकावर विश्वास ठेवा. कपाटामागे, पलंगाखाली, गाद्यांच्या घडीत, मोरीलगतच्या भिंतीवर, खिडकीच्या चौकटीत बघा. पांढरं काही दिसलं तर घाबरू नका. तो लोणा असू शकतो. लोणा बोटाला खरखरीत लागतो आणि पाण्यात विरघळतो. बुरशी मऊ, लवदार असते. पण लोणा म्हणजेसुद्धा भिंतीत पाणी मुरल्याची खूण, हे विसरू नका.

आता एक सोपी परीक्षा. हातभर प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा. दोन दिवसांनी पाहा. प्लॅस्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला दव दिसलं तर पाणी भिंतीतून येतंय: गळका नळ, गच्चीची भेग किंवा बाहेरचा गिलावा. वरच्या बाजूला दव आलं तर ती खोलीतलीच वाफ. घरात वाळत घातलेले कपडे, स्वयंपाकाची वाफ आणि बंद खिडक्या!

आमच्याकडे दव आतून आलं. भिंतीपलीकडे न्हाणीघर, आणि नळाचा सांधा ठिबकत होता. "रंगच देऊन टाकू," असं घरात ठरत होतं. मी म्हटलं, "यंदा रंगाऐवजी नळवाल्याला पैसे द्या."

साफ करताना

कोरडं झाडू नका, बीजाणू घरभर उडतात. नाकाला फडकं बांधा, खिडकी उघडा, साबणाच्या पाण्याने घासा आणि पंखा लावून भिंत पूर्ण वाळवा. ब्लीचिंग पावडर वापरलीत तर तिच्यात संडास धुण्याचं अ‍ॅसिड कधीही मिसळू नका. विषारी वायू निघतो. कपाट परत लावताना भिंतीपासून चार बोटं अंतर ठेवा. ऊन पडेल त्या दिवशी गाद्या-गोधड्या बाहेर काढा.

धाकट्याचा पलंग आता दुसऱ्या भिंतीशी आहे. औषध चालूच आहे, पण रात्री आम्ही दोघंही झोपतो. तेव्हा यंदा रंगाचा डबा आणण्याआधी एकदा कपाट ओढून बघा बरं!