बीडच्या कॉलेजांतला इंग्रजीचा तास

इंग्रजी साहित्य म्हणजे इंग्लंडचे साहित्य, ही समजूत आपल्या विद्यापीठांत दीर्घकाळ टिकली. शेक्सपिअर, वर्डस्वर्थ, डिकन्स आणि शेवटी चवीपुरते आर. के. नारायण, असा क्रम ठरलेला असे. पुढे या यादीत आफ्रिकन, कृष्णवर्णीय अमेरिकन आणि कॅरिबियन लेखक आले, भारतीय भाषांतून इंग्रजीत गेलेली पुस्तके आली. या सगळ्याला मिळून बहुसांस्कृतिक साहित्य म्हणतात. मोठ्या शहरांत तो खास अभ्यासाचा विषय असतो. ज्या कॉलेजांत आसपासच्या खेड्यांतली, घरातून पहिल्यांदाच पदवीपर्यंत आलेली मुले शिकतात, तिथे त्याच्याकडून अपेक्षा अधिक साधी आणि अधिक अवघड असते. या मुलांना इंग्रजी पान पुरते वाचावेसे वाटायला हवे. बीड जिल्ह्यातली बहुतेक कॉलेजे अशीच आहेत.

अमेरिकेत हे काम कम्युनिटी कॉलेजांच्या वाट्याला आले. कमी फी, कुणालाही प्रवेश आणि दोन वर्षांचा अभ्यासक्रम असलेल्या या कॉलेजांची सुरुवात १९०१ मध्ये इलिनॉय राज्यातल्या जॉलिएट गावी झाली. आपल्याकडेही विद्यापीठ अनुदान आयोगाने याच नावाची योजना आणली. पण तिचा भर कौशल्याच्या अभ्यासक्रमांवर आहे, साहित्याला तिथे फारशी जागा नाही. कम्युनिटी कॉलेजच्या जवळ जाणारी आपली संस्था म्हणजे तालुक्याचे सीनिअर कॉलेज.

अमेरिकेतला एक प्रयोग इथे उपयोगी पडतो. कॅलिफोर्नियातल्या हेवर्ड गावच्या शाबो कॉलेजात १९८१ मध्ये पॅट्रिशिया मॅकग्रा ही इंग्रजीची शिक्षिका आणि फेलिक्स गलाविझ हे समुपदेशक यांनी ‘पुएन्ते’ नावाचा उपक्रम सुरू केला. मेक्सिकन वंशाची मुले प्रवेश घेत, पण इंग्रजी लेखनाच्या वर्गातच गळत. या दोघांनी लेखनाचा वर्ग तोच ठेवला आणि वाचायला मेक्सिकन-अमेरिकन लेखक दिले. मुलांकडून त्यांच्या घरादाराविषयी लिहून घेतले, वर्गाला समुपदेशक जोडून दिला आणि त्याच समाजातली नोकरी-व्यवसायात स्थिरावलेली माणसे मार्गदर्शक म्हणून आणली. उपक्रम राज्यभरातल्या कॉलेजांत पसरला. लोक त्याची आठवण पुस्तकांसाठी काढतात, पण खरी मेख जोडणीत होती. नुसती पुस्तके बदलून मुले टिकली असती, असे मानायला आधार नाही.

बीड जिल्ह्याचे अकरा तालुके आज छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाखाली येतात. हे विद्यापीठ १९५८ चे. त्याआधी, सप्टेंबर १९४८ पर्यंत, हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि उच्च शिक्षण मुख्यतः उर्दूतून चाले. हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये स्थापन झाले ते उर्दू माध्यमाचेच. पुण्या-मुंबईच्या मानाने इथे इंग्रजीची मुळे उथळ राहिली, त्याचे हे एक कारण. दुसरी बाजू अशी की भाषांची सरमिसळ इथे अंगवळणी पडलेली आहे. बीड किंवा अंबाजोगाईच्या एका वर्गात मराठी माध्यमाची मुले असतात, उर्दू शाळेतून आलेली आणि घरी दखनी बोलणारी असतात, तांड्यावर गोरबोली बोलणारी लमाण मुले असतात, पारधी किंवा वडार घरातला एखादा असतो. बहुसांस्कृतिकता इथे बाकांवर बसलेलीच असते. अभ्यासक्रमाला तिची दखल तेवढी घ्यायची असते.

या दखलीची परंपरा मराठवाड्यात परदेशी पुस्तकांतून उसनी घ्यावी लागत नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या तिथल्या लोकांना अर्पण केली. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकन कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या निवेदनाची प्रत मागितली. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. तिथले प्राचार्य म. ना. वानखेडे अमेरिकेत इंग्रजी साहित्याचा अभ्यास करून परतले आणि दलित लेखकांनी कृष्णवर्णीयांचे साहित्य वाचावे, असा आग्रह धरू लागले. गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकाने त्या आग्रहाला व्यासपीठ दिले. लातूरचे जनार्दन वाघमारे हेही इंग्रजीचेच प्राध्यापक. अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या साहित्यावर त्यांनी मराठीत लिहिले. १९७२ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने तर नावच अमेरिकेच्या ब्लॅक पँथरवरून घेतले. गंमत अशी, की इंग्रजीच्या प्राध्यापकांनी हे काम मराठीत केले आणि त्यांच्याच इंग्रजीच्या तासाला ते फार उशिरा पोचले.

पोचायला निमित्त झाले भाषांतरांचे. अर्जुन डांगळे यांनी संपादित केलेले ‘पॉयझन्ड ब्रेड’ १९९२ मध्ये आले आणि मराठी दलित साहित्याचा एक चांगला संग्रह इंग्रजीतून उपलब्ध झाला. शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ २००३ मध्ये इंग्रजीत आले. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ आणि ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ ही दोन्ही पुस्तके माया पंडित यांच्या भाषांतरात २००८ मध्ये आली. दया पवारांच्या ‘बलुतं’ला मात्र १९७८ पासून २०१५ पर्यंत थांबावे लागले, जेरी पिंटो यांनी ते भाषांतरित केले. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’चेही इंग्रजी भाषांतर आहे. गायकवाड शेजारच्या लातूर जिल्ह्यातले, त्यामुळे या पुस्तकातली गावे, बाजार आणि पोलीस ठाण्याची भीती बीडच्या मुलाला समजावून द्यावी लागत नाही.

अशा भाषांतराचा शिकवण्यात मोठा फायदा आहे आणि तो अजून पुरता वापरला गेलेला नाही. विद्यार्थ्याला मजकूर माहीत असतो, भाषा तेवढी नवी असते. ‘जिणं आमुचं’मधला आषाढातल्या जत्रेचा भाग आधी मराठीत वाचला आणि मग त्याच पानांचे इंग्रजी समोर ठेवले, तर शब्दकोश न उघडताही मूल अर्ध्याहून अधिक वाक्ये लावते. डिकन्सच्या धुक्यातल्या लंडनवर खर्च होणारी मेहनत इथे वाक्याच्या घडणीवर खर्च होते. मूळ आणि भाषांतर शेजारी ठेवून वाचणे ही कमजोर मुलांसाठीची पळवाट समजली जाते. खरे तर प्रथम वर्षाच्या वर्गात यापेक्षा चांगले साधन सापडणे कठीण.

उर्दू माध्यमाच्या मुलांना हीच संधी मंटोची ‘टोबा टेक सिंग’ देते. फाळणीनंतर दोन देशांनी आपापल्या वेड्यांच्या इस्पितळांतल्या रुग्णांची अदलाबदल करायचे ठरवले, एवढीच कथा. मूळ उर्दू वाचता येणारी मुलगी त्या दिवशी वर्गात सर्वांत जाणकार ठरते. एरवी तिला इंग्रजीच्या तासाला तोंड उघडायची वेळ क्वचित येते.

परदेशी पुस्तके निवडताना मात्र नावापेक्षा वाक्याकडे पाहावे लागते. टोनी मॉरिसनची ‘बिलव्हेड’ थोर कादंबरी आहे आणि अनिवार्य इंग्रजीच्या वर्गासाठी जवळजवळ निरुपयोगी आहे. फ्रेडरिक डग्लस यांचे १८४५ चे आत्मकथन, चिनुआ अचेबे यांची १९५८ ची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ किंवा माया अँजेलू यांच्या आत्मकथेतले निवडक भाग यांची भाषा त्यामानाने आवाक्यातली आहे. कंदाच्या पिकावर माणसाची पत ठरवणारे अचेबेंचे इग्बो गाव शेतकऱ्याच्या पोराला परके वाटत नाही.

बीडसाठी सर्वांत चपखल बसेल अशी गोष्ट फ्रान्सिस्को हिमेनेझ यांची आहे. हे लेखक लहानपणी आईवडिलांबरोबर कॅलिफोर्नियात शेतमजुरी करत हिंडले आणि पुढे प्राध्यापक झाले. ‘द सर्किट’ या त्यांच्या छोट्या कथेत स्ट्रॉबेरीचा हंगाम संपतो, कुटुंब सामान बांधून फ्रेस्नोकडे द्राक्षांच्या तोडीला निघते आणि एका गॅरेजमध्ये बिऱ्हाड थाटते. शाळेची बस आली की दोघे भाऊ वेलींआड लपतात, कारण शाळेच्या वेळी काम करताना दिसले तर पंचाईत. धाकटा नोव्हेंबरात सहावीत जातो. तिथले लेमा नावाचे शिक्षक जेवणाच्या सुटीत त्याला वाचायला शिकवतात आणि एक दिवस ट्रम्पेट शिकवायचे कबूल करतात. मुलगा आनंदात घरी येतो, तर सगळे सामान पुन्हा खोक्यांत भरलेले असते.

बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या कारखान्यांवर हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत कोपीतच संसार चालतो. काही पोरे बरोबर जातात, काही आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. त्यांतूनच काहीजण कॉलेजपर्यंत येतात. पहिल्या सत्राची परीक्षा आणि टोळ्या निघण्याचे दिवस पुढेमागेच येतात. अशा वर्गात ‘द सर्किट’ वाचून झाल्यावर ‘तुमच्या घरचे सामान बांधताना काय काय घेतले जाते’ यावर इंग्रजीत दहा वाक्ये लिहायला सांगितली, तर शिक्षकाला विषय समजावत बसावे लागत नाही. पातेली, अंथरूण, बैलांच्या झुली, पिठाचा डबा: नामे आधीच हाताशी असतात, क्रियापदे शिकायची असतात.

इथेच एक धोका आहे. पुस्तक जितके जवळचे, तितका वर्गातल्या एखाद्यावर सगळ्यांचा डोळा जातो. ‘उचल्या’ चालू असताना पारधी मुलाकडे, ‘आयदान’ चालू असताना महार मुलीकडे वळून ‘तुमच्यात असेच असते का’ असे विचारणे, हा शिकवण्याच्या नावाखाली केलेला अपमान असतो. विद्यापीठाच्या नामांतराच्या प्रश्नावरून १९७८ मध्ये मराठवाडा पेटला होता आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. आरक्षणाच्या प्रश्नावरून २०२३ मध्येही बीडमध्ये जाळपोळ झाली. अशा जिल्ह्यात जातीची कथा शिकवताना कुणाला सांगायचे असेल तर त्याने सांगावे, पण सांगायला लावू नये, एवढे पथ्य शिक्षकाला पाळावे लागते. स्वतःच्या घराऐवजी पुस्तकातल्या पात्राच्या तोंडून लिहायची मोकळीक ठेवली, की बरेचसे निभावते.

दुसरा घोळ परीक्षेचा. ‘दलित आणि कृष्णवर्णीय साहित्याची तुलना करा’ हा आवडता प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर गाईडमध्ये तयार मिळते: दोघेही पीडित, दोघांचाही विद्रोह, दोघांचीही आत्मकथने. गुलामाची खरेदी-विक्री होत होती आणि अस्पृश्याला शिवतही नव्हते, हा मूलभूत फरकच त्यात हरवतो. एका माणसाला मालक विकत घेत असे, दुसऱ्याची सावली गाव टाळत असे. या दोन अन्यायांतून येणारे लेखन सारखे कसे असेल, हे विचारले तरच तुलनेला अर्थ. गाईडवर पोसलेला विद्यार्थी ‘पॉयझन्ड ब्रेड’ही ‘डॅफोडिल्स’सारखेच पाठ करतो.

तिसरी अडचण माणसांची. तासिका तत्त्वावर नेमलेला प्राध्यापक दोन-दोन कॉलेजांत धावत असतो. मोठा वर्ग आणि त्यातली निम्मी हजेरी सांभाळून वह्या तपासणे त्याला झेपत नाही. ‘पुएन्ते’तला समुपदेशक इथे कोण होणार, याचे उत्तर अनेकदा त्याच शिक्षकापाशी येऊन थांबते. माजी विद्यार्थी, आता तलाठी, नर्स किंवा शिक्षक झालेले, वर्षातून दोनदा बोलावणे मात्र फारसे खर्चिक नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीची रचना बदलली. सगळ्यांना शिकाव्या लागणाऱ्या इंग्रजीच्या वाट्याला आता क्षमतावर्धन विषयाचे थोडे श्रेयांक उरले आहेत. एवढ्यात अख्खी कादंबरी मावत नाही. एक कथा, आत्मकथनातली सात-आठ पाने आणि भाषांतराशेजारी मूळ, एवढेच बसते. कोणते पुस्तक लावायचे, हे विद्यापीठाचे अभ्यास मंडळ ठरवते आणि सत्राची प्रश्नपत्रिकाही वरूनच येते. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण मात्र कॉलेजच्या हाती असतात. घरच्या भाषेतली एखादी गोष्ट इंग्रजीत लिहून आणणे किंवा मूळ आणि भाषांतर यांतल्या एका परिच्छेदाची तुलना करणे, असे काम अभ्यास मंडळाची वाट न पाहता याच गुणांत बसवता येते.