गिटारच्या मानेतली सळाख : ट्रस रॉड कसा काम करतो आणि कोणत्या गिटारमध्ये कोणता असतो



आजकाल अमरावती-अकोल्याकडची मुलं वाढदिवसाला सायकलीसोबत गिटारही मागतात. घरचे हौसेनं घेऊन देतात. दोन महिने ती वाजते आणि मग कपाटावर जाऊन बसते. का रे बाबा, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं : बोटं दुखतात. आपण समजतो, पोराला आवडच नाही. बोटं सुरुवातीला सगळ्यांचीच दुखतात हे खरं, पण पुष्कळदा दोष पोराच्या बोटात नसून गिटारच्या मानेत असतो. मान वाकलेली असेल तर तार पडद्यापासून दूर जाते आणि ती दाबायला मोठ्या माणसालाही जोर लावावा लागतो. ही मान सरळ ठेवण्यासाठी तिच्या पोटात एक लोखंडी सळई बसवलेली असते. आपल्याकडे जिला सळाख म्हणतात, तीच. गिटारवाले तिला ट्रस रॉड म्हणतात.

आधी मान वाकते का, ते बघू. सहा स्टीलच्या तारा सुरात लावल्या की त्या सगळ्या मिळून साधारण ७० ते ७५ किलोचा ओढा लावतात. म्हणजे सिमेंटच्या दीड गोणीचं वजन, दिवसरात्र, त्या दोन बोटं जाडीच्या लाकडावर. तारा मानेच्या वरच्या अंगाला असतात, त्यामुळे मान वरच्या अंगाला, तारांच्या दिशेनं ओढली जाते, धनुष्यासारखी. नायलॉनच्या तारांचा ओढा बराच कमी, ४० किलोच्या आसपास. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता वर्गात करता येईल असा प्रयोग. पाचवी ते सातवीला 'बल' शिकवताना मी हाच करतो. एक पातळ लाकडी फूटपट्टी घ्या. दोन्ही टोकांजवळ एका बाजूला खोडरबराचा एकेक तुकडा चिकटपट्टीनं पक्का बसवा. एक मजबूत दोरा पट्टीच्या एका टोकाला बांधून दोन्ही रबरांवरून न्या आणि दुसऱ्या टोकाला ओढून बांधा. पट्टी दोऱ्याकडे वाकेल. हा दोरा म्हणजे गिटारची तार. मग पट्टी उलटी करून मागच्या बाजूलाही तसेच रबर लावा, दुसरा दोरा घाला आणि हळूहळू ओढत जा. एका क्षणी पट्टी परत सरळ होते. हा मागचा दोरा म्हणजे ट्रस रॉड.

इथे थांबून मुलांना विचारा : पट्टी सरळ झाली, म्हणजे तिच्यावरचा ताण गेला का? अर्धा वर्ग 'हो सर' म्हणतो. मग कात्रीनं एक दोरा कापा (तोंड जवळ नेऊ नका). पट्टी टुणकन दुसऱ्या बाजूला वाकते. ताण गेलाच नव्हता, उलट वाढला होता. दोन्ही बाजूंनी सारखा ओढा होता म्हणून पट्टी सरळ दिसत होती, एवढंच. ट्रस रॉडबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज इथेच दूर होतो. लोकांना वाटतं, सळई घातली की मान मजबूत होते, जशी स्लॅबमध्ये सळई घातल्यावर स्लॅब होतो. पण हा रॉड तारांच्या ओढ्याला उलटा ओढा देतो. उड्डाणपुलाच्या गर्डरमध्ये पोलादी केबल ताणून भरतात, ते तत्त्व याच्या जास्त जवळचं आहे.

ही कल्पना शंभर वर्षांपूर्वीची. अमेरिकेतल्या गिब्सन कंपनीत काम करणाऱ्या थॅडियस मॅकह्यू यांनी १९२१ मध्ये अशा फिरवता येणाऱ्या रॉडच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९२३ मध्ये ते मंजूर झालं. त्याआधी मान वाकू नये म्हणून ती जाडजूड ठेवायचे. रॉड आल्यावर मान बारीक करता आली. लहान हाताच्या मुलांना आज गिटार धरता येते त्यात याचाही वाटा आहे.

प्रत्येक कंपनीला मात्र ते लगेच पटलं नाही. मार्टिन या जुन्या कंपनीनं १९३४ पासून मानेत इंग्रजी टी आकाराची पोलादी पट्टी बसवली. ती फिरवता येत नाही, नुसती ताठ राहते. दुसऱ्या महायुद्धात पोलाद मिळेना, तेव्हा त्यांनी तिच्या जागी आबनूसाचं लाकूड घातलं. १९६७ मध्ये चौकोनी पोलादी नळी आली आणि फिरवता येणारा रॉड थेट १९८५ मध्ये. फेंडर कंपनीची गोष्ट उलटी. मेपलचं लाकूड इतकं कडक, त्याला रॉड कशाला, अशा विचारानं १९५० मधल्या त्यांच्या पहिल्या काही इलेक्ट्रिक गिटार रॉडशिवाय निघाल्या. त्याच वर्षी विचार बदलावा लागला.

आज बाजारात जे रॉड भेटतात त्यांत मुख्य फरक एकच : रॉड एका बाजूला काम करतो की दोन्ही.

एका बाजूचा रॉड म्हणजे मानेत खोबण करून बसवलेली एक सळई. पुष्कळ गिटारमध्ये ही खोबण किंचित वाकडी असते, मधोमध मानेच्या पाठीकडे खोल आणि टोकांना वर. सळईचं एक टोक पक्कं, दुसऱ्या टोकाला आटे आणि नट. नट आवळला की सळई ताणली जाते आणि सरळ व्हायला बघते. सरळ होताना ती मानेचा मधला भाग तारांच्या बाजूला ढकलते आणि धनुष्य उतरतं. नट सैल केला की तारा परत मानेला आपल्याकडे ओढतात. म्हणजे सैल करताना काम रॉड करत नाही, तारा करतात. या रॉडची अडचण अशी की मान उलटी, पाठीकडे वाकली असेल आणि नट आधीच पूर्ण सैल असेल, तर त्याच्या हातात काहीच उरत नाही. मग जाड तारा लावून बघणे किंवा कारागीर गाठणे एवढंच.

दोन्ही बाजूंच्या रॉडमध्ये दोन तुकडे एकमेकांना समांतर असतात, दोन सळया किंवा एक सळई आणि एक चपटी पट्टी, टोकांना जोडलेले. आटे असे असतात की नट उजवीकडे फिरवला तर ही जोडी एका बाजूला वाकते आणि डावीकडे फिरवला तर दुसऱ्या बाजूला. वाकताना ती मानेलाही सोबत घेऊन जाते. याची खोबण सरळ असते आणि लाकडावर लांबीच्या दिशेनं दाब येत नाही, कारण ताण त्या जोडीच्या आतच फिरतो. मधे कुठेतरी एक मोकळी जागा लागते, तिथे नट फिरतो पण मानेला काही होत नाही. तो बिघाड समजू नका. मला विचाराल तर आपल्या हवामानात नवशिक्या मुलासाठी हाच रॉड बरा. मान कुठेही वाकली तरी परत आणायची सोय राहते. रिकनबॅकर कंपनी मानेत शेजारी-शेजारी दोन रॉड घालते, पण त्या गिटार आपल्याकडच्या घरांत क्वचितच दिसतील.

आणि तिसरा प्रकार, रॉड नसलेली गिटार. क्लासिकल म्हणतात ती. मान रुंद, डोक्यात लांबट खाचा, तारा नायलॉनच्या. ओढा कमी म्हणून बहुतेक क्लासिकल गिटारमध्ये रॉड नसतोच. आपल्या मिरजेच्या सतार-तंबोऱ्यातही रॉड नसतो. (२०२४ मध्ये मिरजेच्या या वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळालं, मुलांना जरूर सांगा.) सतारीची दांडी जाड आणि आतून पोकळ असते. पडदे उंच, कमानदार आणि दांडीला दोऱ्यानं बांधलेले असतात, ते सरकवता येतात. त्यामुळे दांडी जराशी हलली तरी वादक सांभाळून घेतो. गिटारचे पडदे मात्र लाकडात कायमचे ठोकलेले असतात. तिथे सूतभर फरकही महाग पडतो.

रॉड नसलेली गिटार घरात असेल तर काय होऊ शकतं, त्याचं एक उदाहरण सांगतो. आमच्या शाळेतल्या एका मुलीचे वडील गिटार घेऊन आले. "सर, पोरगी म्हन्ते बोटं लय दुखतात. गिटार वाकडी हाय का पोरीचं मन वाकडं हाय, पाहून सांगा बरं." पाहिलं तर गिटार क्लासिकल आणि तारा स्टीलच्या! आवाज मोठा येतो म्हणून कोणीतरी बदलून दिल्या होत्या. ४० किलोसाठी केलेल्या मानेवर ७० किलो. मधल्या पडद्यांवर तार इतकी वर गेली होती की खालून रुपयाचं नाणं सहज जावं. वडिलांनी एलन की सोबत आणली होती, पण ती घालणार कुठे? रॉडच नव्हता. नायलॉनच्या तारा परत लावल्यावर महिनाभरात मान बरीच उतरली, पूर्ण नाही. मुलगी आता वाजवते. वरचे पडदे अजून जड जातात.

तेव्हा गिटार घेताना किंवा तारा बदलताना आधी रॉड आहे का बघा. नट डोक्याजवळ छोट्या प्लास्टिकच्या झाकणाखाली असतो, नाहीतर पोटाच्या गोल छिद्रातून आत, मानेच्या बुडाशी दिसतो. मोबाइलचा टॉर्च मारा, दिसेल.

मान किती वाकली आहे हे मोजायला महागडं साधन लागत नाही. गवंडी भिंत सरळ आहे का हे दोरा ताणून बघतो ना, तसंच इथे तारेनं बघायचं. गिटार सुरात लावा. सगळ्यात जाड तार पहिल्या पडद्यावर दाबा आणि तीच तार मान जिथे पोटाला जुळते तिथल्या पडद्यावर दाबा. आता ती तार म्हणजे ताणलेला दोरा. मधल्या, सहाव्या-सातव्या पडद्यावर तिच्याखाली किती फट आहे बघा. झेरॉक्सच्या कागदाची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर असते. एक ते तीन कागद जातील एवढी फट हवी. मान अगदी सपाट नको, कारण वाजवताना तार मधोमध सगळ्यात जास्त हेलकावते, तिला तेवढी जागा लागते. फट मुळीच नसेल तर तार पडद्यांना घासून झणझण वाजते. पाच-सहा कागद आरामात जात असतील तर मान जास्त वाकली आहे.

आता आपल्या हवेचं. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, हवा कोरडी ठणठणीत. त्यातच घरोघरी कूलर सुरू, खोलीत ओल. गिटार कूलरसमोर टेकवून ठेवली की दुपारभर ओली हवा पिते आणि रात्री कूलर बंद झाला की परत सुकते. मग जून-जुलैत पाऊस. पावसाळ्यात जुन्या घरांची दारं फुगून अडकतात, खंजिरीचं कातडं सैल पडतं आणि भजनी मंडळी ती शेकून घेतात. लाकडाचं तेच. मान एका लाकडाची, वरची पट्टी बहुतेक वेळा दुसऱ्या. दोन्ही सारखी फुगत नाहीत आणि मान हलते. म्हणून दिवाळीत छान वाजणारी गिटार उन्हाळ्यात झणझणायला लागली तर दुकानदाराला लगेच दोष देऊ नका. ऋतू बदलल्यावर रॉड थोडा फिरवावा लागणं हे साधं काम आहे. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत मात्र गिटार कधीच ठेवू नका. तिथे सरस सुटतो आणि त्यावर रॉडचा काही उपाय नाही.

रॉडच्या हातात नसलेल्या अजून काही गोष्टी आहेत. तारा फार उंच दिसल्या की पुष्कळ जण सरळ रॉड आवळतात. उंची ही मुख्यतः दोन टोकांवर ठरते : डोक्याजवळच्या खाचांच्या पट्टीवर आणि पोटावरच्या ब्रिजवर. मान मोजून नीट असेल आणि तरी तारा उंच असतील तर ती टोकं घासून खाली आणावी लागतात. मान पिळली गेली असेल, ब्रिज उखडत असेल किंवा पोट फुगलं असेल तर रॉड कितीही फिरवा, फायदा नाही. नुकसान मात्र होईल, कारण जास्त आवळल्यावर आटे जातात किंवा सळई तुटते. मानेच्या आतली सळई बदलायची म्हणजे वरची पट्टी उखडावी लागते. साध्या गिटारला तो खर्च परवडत नाही.

स्वतः फिरवणार असाल तर बरोबर मापाचीच चावी घ्या. ढिली चावी नटाची कड खाते. आवळायच्या आधी तारा थोड्या सैल करा. पाव फेरा फिरवा, त्याहून जास्त नाही. उजवीकडे आवळलं की मान सरळ होते, डावीकडे सोडलं की वाकते. तारा परत सुरात लावा, कागद घालून मोजा आणि गिटार रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. लाकूड सावकाश ऐकतं. जोर लावूनही नट हलत नसेल तर तिथेच थांबा आणि गिटार दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. आणि रॉड आवळलेला असताना सगळ्या तारा काढून गिटार महिनोन्महिने कपाटावर टाकू नका. दोरा कापल्यावर फूटपट्टीचं काय झालं ते मुलं तुम्हाला सांगतीलच.