गोविंदाची संमती आणि मंडळाचे दायित्व

आज गोपाळकाला. गेल्या वर्षी याच दिवशी ओंकारेश्वराच्या परिसरात काल्याचे कीर्तन आटोपून आम्ही शनिवार पेठेतून परतत होतो. चौकात हंडी बांधली होती. सर्वांत वरच्या थरावर आठ-नऊ वर्षांचे पोर चढत होते. शेजारच्या आजीबाईंनी विचारले, "बुवा, ते पडलं तर दोष कुणाचा? आपण होऊनच चढलंय ना?"

प्रश्न साधा, पण न्यायशास्त्राने त्यावर पुष्कळ खल केला आहे. ज्याने जाणूनबुजून, स्वखुशीने धोका पत्करला, त्याला इजेबद्दल भरपाई मागता येत नाही, असे एक जुने सूत्र इंग्रजी कायद्याच्या वाटेने आपल्याकडे आले. आखाड्यात उतरलेल्या मल्लाने नियमाने पडलेल्या डावाबद्दल दावा लावू नये, इतके ते सरळ आहे.

मात्र या ढालीला मर्यादा आहेत. आपले न्यायदर्शन ज्ञान, इच्छा आणि कृती असा क्रम सांगते. ज्ञान झाले म्हणजे इच्छा झालीच, असे नव्हे. १८९१ साली स्मिथ विरुद्ध बेकर खटल्यात इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने याच धर्तीचा निर्णय दिला. डोक्यावरून क्रेनने दगड नेले जातात, हे त्या मजुराला ठाऊक होते. तेवढ्यावरून त्याची संमती धरता येत नाही, असे ठरले.

दुसरी मर्यादा वयाची. फौजदारी कायद्यात इजा सोसण्याची अशी संमती १८ वर्षांवरील व्यक्तीचीच धरली जाते. पूर्वी दंडविधानाच्या ८७ व्या कलमात असलेला हा नियम आता भारतीय न्याय संहितेच्या २५ व्या कलमात आहे.

दहीहंडीचा वादही न्यायालयात गेला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली थरांना २० फुटांची आणि गोविंदांना १८ वर्षांची मर्यादा घातली. २०१७ साली त्याच न्यायालयाने उंचीवर बंधन घालण्याचे नाकारले. १४ वर्षांखालील मुलांना मात्र मनाई राहिली. २०२२ साली शासनाने या खेळास साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला आणि मृत्यू ओढवल्यास वारसांना १० लाख रुपये देण्याचे ठरविले.

आजीबाईंना आम्ही म्हणालो, "तरुण गोविंदाने तोल जाण्याचा धोका पत्करला असेल, कुजका दोर आणि आयोजकांची हयगय त्याने पत्करलेली नसते. या पोराने तर काहीच पत्करलेले नाही. त्याला चढविले ते मोठ्यांनी."

काल्यात सर्वांच्या शिदोऱ्या एकत्र होतात. मग धोक्याची शिदोरी तेवढी एकट्या गोविंदाच्या पाठीवर का ठेवावी? आज हंडी बांधणाऱ्यांनी दोर ओढण्यापूर्वी एवढा विचार करावा, हीच गोपाळकृष्णाचरणी प्रार्थना.