भिंतीवर कोणती दिनदर्शिका लावायची?

दिवाळी जवळ आली की आपल्या बैठकीत एक विषय हमखास निघतो, नव्या वर्षाच्या दिनदर्शिकेचा. आजवर त्यात ठरवण्यासारखं फारसं काही नव्हतं. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ‘कालनिर्णय’ काढलं, तेव्हापासून महाराष्ट्रात बहुतेक घरांत तेच किंवा तशाच घडणीचं दुसरं एखादं खिळ्याला लटकतं. वर दुकानदाराची नाहीतर पतसंस्थेची फुकटची असतेच. पण अलीकडे प्रदर्शनात, मोबाईलवर वेगळ्याच दिनदर्शिका दिसतात. एखादी चित्रकार मुलगी स्वतः चित्रं काढून दोन-तीनशे प्रती छापते आणि विकते. कुणी हातकागदाची वही शिवून त्यात वर्षाचं नियोजन आखून देतं. त्याला प्लॅनर म्हणतात. किंमत मात्र साध्या दिनदर्शिकेच्या कितीतरी पट. मग बायका विचारतात, ताई, एवढे पैसे द्यावेत का?

आधी किंमत का जास्त असते ते बघू. छापखान्यात यंत्र लावायचा, पट्ट्या तयार करायचा खर्च एकदाच होतो, पण तो प्रतींवर वाटला जातो. समजा तो ६,००० रुपये झाला. ६,००० प्रती छापल्या तर एका प्रतीवर १ रुपया पडला, २०० छापल्या तर ३० रुपये. कागद वेगळा, चित्रकाराची मेहनत वेगळी, पोस्टाचा खर्च वेगळा. शिवाय फुकटच्या दिनदर्शिकेचे पैसे जाहिरातदार भरतो, म्हणून तर वर्षभर त्याचं नाव आपल्या भिंतीवर असतं. तेव्हा ३०० रुपये म्हटल्यावर लगेच लुटारूपणा समजू नये. पण किंमत रास्त आहे म्हणून ती वस्तू आपल्या कामाची आहे असंही नाही.

काम काय, तर लिहिणं. आपल्या घरात दिनदर्शिका फक्त बघायला नसते. दुधाचा रतीब, गॅसची टाकी, मजुरीचे खाडे, हप्त्याची तारीख, सगळं त्या चौकटीत जातं. म्हणून हातात घेतल्यावर चित्र बघून झालं की चौकट मोजा. ए-४ आकाराच्या पानावर अर्ध्या भागात चित्र असेल तर एक चौकट जेमतेम अडीच सेंटीमीटर रुंद आणि दोन सेंटीमीटर उंच उरते. त्यात सकाळ-संध्याकाळचं दूध मावतं, बाकी काही नाही. ए-३ म्हणजे त्याच्या दुप्पट पान असेल तर चौकट सुमारे चार सेंटीमीटर रुंद मिळते. काही जणी जागा वाचवायला २४ आणि ३१ एकाच चौकटीत कोंबतात. ३१ मार्चला ज्या गटाला हिशेब बंद करायचे असतात त्यांनी असली दिनदर्शिका घेऊच नये.

मग कागद. चकचकीत, गुळगुळीत कागदावर चित्र झकास उठतं, पण बॉलपेन घसरतं आणि शाई बोटाला लागून पुसली जाते. हातकागदाचं उलट. तो सुती चिंध्यांपासून बनतो, पुण्यात १९४० पासून हातकागद संस्था आहे, तिथला कागद अनेकांनी पाहिला असेल. पण ज्या हातकागदाला नीट खळ दिलेली नसते त्यावर जेलपेनची शाई पसरते. म्हणून विकणारीला सरळ विचारा, एका कोपऱ्यात लिहून बघू का? नाही म्हणाली तर नमुन्याचं पान मागा. कोकणातल्या बहिणींनी पावसाळ्याचाही विचार करावा, जाड हातकागद दमट भिंतीवर वळतो आणि त्याला बुरशी धरते. तिथं वरून पत्र्याची पट्टी असलेली साधी दिनदर्शिकाच टिकते.

आता तिथी. इथे फसगत जास्त होते. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, उत्तर भारतात पौर्णिमेला. त्यामुळे शुक्ल पक्षात दोघांचा महिना एक असतो, पण कृष्ण पक्षात त्यांचा एक महिना पुढे. आपली महाशिवरात्र माघात, त्यांची फाल्गुनात, दिवस मात्र तोच. इथवर काही बिघडत नाही. पण वडाची पूजा घ्या. आपण ती ज्येष्ठ पौर्णिमेला करतो, उत्तरेत पुष्कळ ठिकाणी वटसावित्रीचं व्रत त्याआधीच्या अमावास्येला असतं. दिल्ली-जयपूरच्या चित्रकाराने केलेल्या सुंदर दिनदर्शिकेत ते अमावास्येलाच छापलेलं असतं. एरवी पंधरा दिवसांचा फरक, पण २०२६ साली अधिक ज्येष्ठ महिना मध्ये आल्याने त्यांचं व्रत मेच्या मध्यावर आणि आपली वटपौर्णिमा जूनच्या अखेरीस, असं दीड महिन्याचं अंतर पडलं. त्यात त्या चित्रकाराची चूक नाही, तिच्या घरची रीत ती. पण आपण उपास कधी धरायचा?

बऱ्याच चित्रकार तिथी छापतच नाहीत, कारण पंचांगाचं गणित त्यांचं काम नव्हे. मला तर हे बरं वाटतं. तिथीसाठी आपली नेहमीची दिनदर्शिका स्वयंपाकघरात राहू द्या, आणि लिहायला मोकळी चौकट असलेली दुसरी घ्या. दोन्ही कामं एकाच कागदाने करावीत असा हट्ट कशाला?

त्या मोकळ्या चौकटीत काय लिहायचं, यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण खरा उपयोग तिथेच आहे. म्हैस भरवली ती तारीख लिहा. तिथून साधारण ३१० दिवसांनी ती विते, गाय २८० दिवसांनी, शेळी १५० दिवसांनी. भरवल्यावर एकविसाव्या दिवसाला खूण करा. त्या सुमारास जनावर पुन्हा माजावर आलं तर ते गाभण राहिलेलं नाही, हे लगेच कळतं. नाहीतर दोन-तीन महिने खुराक घालून मग समजतं, आणि तेवढं दूध बुडालं ते बुडालंच.

आणि आपली स्वतःची तारीख. पाळी आली की कोपऱ्यात एक ठिपका. कुणाला सांगायची गरज नाही, बघणाऱ्याला तो ठिपकाच दिसेल. आमच्या एका गटातल्या ताईंची सून बाळंतपणाला माहेरी जाणार होती आणि तिला शेवटच्या पाळीची तारीख काही केल्या आठवेना. दवाखान्यात प्रत्येकजण वेगळा महिना सांगायचा. शेवटी मागच्या पानावरचा ठिपका सापडला. त्या दिवसात नऊ महिने सात दिवस मिळवले की अंदाजे तारीख येते, तशी मिळवल्यावर कळलं की सगळे समजत होते त्याच्या तीन आठवडे आधीच दिवस भरत होते. माहेरचा प्रवास रद्द झाला, बाळंतपण तालुक्याच्या रुग्णालयात नीट पार पडलं. म्हणून संपलेल्या महिन्याचं पान फाडू नका, मागे उलटवा. फाडून काढायची पानं असलेली दिनदर्शिका दिसायला कितीही छान असली तरी मी घेऊ नका म्हणेन. गरोदर बाई घरात असेल तर दर महिन्याची ९ तारीखही गोल करून ठेवा, प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात त्या दिवशी सरकारी दवाखान्यात तपासणी असते.

गटासाठी प्लॅनर घ्यायचा असेल तर जानेवारीपासून सुरू होणारा शक्यतो नको. आपलं हिशेबाचं वर्ष एप्रिलपासून मार्चपर्यंत. तारखा न छापलेला, फक्त रकाने आखलेला प्लॅनर मिळतो, तो सर्वांत सोयीचा. कोणत्याही महिन्यात सुरू करता येतो, उरला तर वाया जात नाही. त्यात बैठकीचे दिवस, हप्त्याची तारीख, बँक बंद असते तो दुसरा आणि चौथा शनिवार, ग्रामसभेच्या आदली महिला सभा, एवढं वर्षाच्या सुरुवातीलाच भरून टाका. मात्र प्लॅनर म्हणजे गटाची वही नव्हे. बचत आणि कर्जाची नोंद ठरलेल्या रजिस्टरमध्येच. आणि पैसे गटाच्या खात्यातून द्यायचे असतील तर बैठकीत ठराव घ्या. ज्यांना घरासाठी हवा त्यांनी आपापले द्यावेत.

चित्राबद्दल एकच गोष्ट सांगते. आजकाल वारली चित्रांच्या दिनदर्शिका खूप दिसतात. ही कला मुळात लग्नाचा चौक लिहिणाऱ्या बायकांची. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने त्या लिहायच्या. पुढे जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर आणून जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज कुणीही संगणकावरून त्या आकृत्या उचलतो आणि ‘वारली’ म्हणून छापतो. म्हणून पान उलटून मागे बघा, चित्रकाराचं नाव, गाव आहे का. नसेल तर विचारा, चित्र कुणी काढलं, त्याला पैसे दिले का. पिंगुळीच्या चित्रकथीलाही हेच लागू. नाव असलेल्या दिनदर्शिकेला वीस-पन्नास रुपये जास्त पडले तर मी ते देईन. बेनामी असेल तर मग फुकटची काय वाईट?

मागणी नवरात्रीच्या सुमारास नोंदवा, कारण कमी प्रती छापणाऱ्यांकडे डिसेंबरात माल उरत नाही. दहा-बारा जणींनी एकत्र मागवलं तर पोस्टाचा खर्च वाटला जातो. अर्धी रक्कम आगाऊ मागितली तर द्यायला हरकत नाही, त्यावरच ती कागद घेते. पण पावती मागा, आणि उरलेले पैसे पार्सल उघडून पानं मोजल्यावर. जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत बाराही महिने आहेत ना, एकदा चाळून बघा. हाताने शिवलेल्या कामात एखादं पान दोनदा लागतं आणि एखादं सुटतं. तसं निघालं तर लगेच कळवा, बहुतेक जणी बदलून देतात.