व्हिसा नको, पण ओळख हवी

बेळगावहून लोंढ्यामार्गे गोव्याकडे जाणारी गाडी कॅसलरॉक सोडून कुळ्याकडे उतरू लागली की आज कोणी कागद पाहत नाही. १९६१ पर्यंत मात्र ही वाट पोर्तुगिजांच्या मुलखात उतरत असे आणि १९५५ साली तर गाड्याच बंद पडल्या. आपल्या भागातल्या किती घरांचे देव, कुळे आणि सोयरे त्या हद्दीपलीकडे होते, हे वाचकांस सांगावयास नको. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि दाराशी असलेला परदेश नाहीसा झाला.

आता परदेश म्हणजे बहुधा काशीयात्रेला जोडून केलेली नेपाळची वारी. वाराणसी, गोरखपूर, सोनौली आणि पुढे पशुपतिनाथ अशी ही वाट. सहल ठरविणारा सांगतो, 'व्हिसा लागत नाही, आधार कार्ड घ्या म्हणजे झाले.' यातले पहिले वाक्य खरे आहे, दुसरे अर्धेच खरे आहे.

भारत व नेपाळ यांच्यात ३१ जुलै १९५० रोजी मैत्रीचा करार झाला आणि भारतीयांस तेथे व्हिसाविना जाता येते. विमानाने जाणाऱ्याने मात्र भारतीय पारपत्र किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र दाखवावे लागते. आधार चालते ते १५ वर्षांखालील मुलांना आणि ६५ वर्षांवरील वृद्धांना. म्हणजे घरातील आजोबा व नातू आधारावर सुटतील आणि मधली कर्ती पिढी विमानतळावरच अडकेल! १५ ते १८ वयाच्या मुलांसाठी शाळेच्या मुख्याध्यापकांनी दिलेल्या ओळखीच्या दाखल्याची सोय आहे.

भूतानलाही व्हिसा लागत नाही, परंतु प्रवेशाचा परवाना लागतो. त्यासाठी किमान सहा महिने मुदत उरलेले पारपत्र वा मतदार ओळखपत्र हवे. आधार तेथे प्रौढांना उपयोगी नाही. शिवाय तेथील सरकार भारतीय पर्यटकाकडून दर रात्री १२०० रुपये शुल्क घेते. चार जणांच्या कुटुंबाने हा आकडा आधीच हिशेबात धरावा.

आमच्या भागातली खरी अडचण मात्र निराळीच आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी येथील मतदार ओळखपत्रे कन्नड व इंग्रजीत, शाळेचे जुने दाखले मराठीत. एकाच नावाची अक्षरे दोन लिप्यांतून फिरून इंग्रजीत आली की कधी 'ळ' चा 'ल' होतो, कधी आडनावातले एखादे अक्षर गळते. आणि स्त्रियांची तर दुहेरी कथा. माहेरची सुमन लग्नानंतर सुनंदा झालेली. दाखल्यावर वडिलांचे नाव, ओळखपत्रावर पतीचे, बँकेच्या पुस्तकात तिसरेच काही. दाखल्यावर 'बेळगाव', २०१४ नंतरच्या कागदांवर 'बेळगावी', हा फरक मात्र जाहीर सरकारी नामांतराचा आहे आणि समजावून सांगता येतो. नावातला फरक समजावून सांगणे कठीण, कारण खिडकीपलीकडच्या माणसाला आपली चालीरीत ठाऊक नसते.

म्हणून तिकीट काढताना जो कागद दाखवायचा, त्यावरचेच नाव अक्षरशः उतरवावे. मतदार ओळखपत्रावरील चूक आठ क्रमांकाच्या अर्जाने दुरुस्त होते; हे काम सहल ठरण्याआधी करावे, यात्रेची बॅग भरताना नव्हे. ज्यांची ऐपत आहे त्यांनी सरळ पारपत्रच काढावे, असे आमचे मत आहे.

पारपत्र हाती आले की आणखी दारे उघडतात. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांसाठी, तर थायलंडने १५ जुलै २०२४ पासून ६० दिवसांसाठी भारतीयांना व्हिसाची सूट दिली. परंतु ह्या सवलती त्या त्या सरकारच्या मर्जीच्या असतात; नेपाळसारखा जुना करार त्यांच्यामागे नाही. त्या फिरतात, मुदती बदलतात. सूट मिळाली म्हणून तेथे जाऊन नोकरी धरता येत नाही. परतीचे तिकीट व खर्चाची सोय विचारली जाऊ शकते, आणि थायलंडला तर १ मे २०२५ पासून निघण्यापूर्वीच आगमनाची माहिती संगणकावर भरावी लागते. तिकिटाचे पैसे भरण्याआधी त्या देशाच्या वकिलातीचा ताजा नियम पाहावा. सहल ठरविणाऱ्याने छापलेल्या पत्रकावर विसंबू नये. ते बहुधा मागच्या हंगामाचे असते.