नमुना पूर्ण हवा, तुकडा नको

सी भाषा शिकलेली, परीक्षेत चांगले गुण मिळवलेली मुले आमच्याकडे येतात आणि एकच गाऱ्हाणे मांडतात. खिडकी उघडणारा, माऊसला दाद देणारा प्रोग्रॅम त्यांना लिहिता येत नाही. आपण कमी पडतो असे त्यांना वाटते. आम्हाला तसे वाटत नाही. त्यांच्या हाती नमुनेच चुकीचे दिले गेले.

क्लासमधला प्रोग्रॅम वरून खाली चालतो. संख्या विचारा, बेरीज करा, छापा, संपवा. हुकूम प्रोग्रॅमचा, माणसाने फक्त उत्तरे द्यायची. १९८४ साली मॅकिंटॉश आले, १९८५ साली विंडोज आले आणि घरगुती संगणकावर हे नाते उलटले. प्रोग्रॅमने आता एसटी स्टँडवरच्या चौकशी खिडकीसारखे बसायचे. रांगेतला पुढचा माणूस येईल, त्याचे काम करायचे, पुन्हा बसायचे. हेच घटनाधारित प्रोग्रॅमिंग. (घटना म्हटले की आपल्या वाचकाला संविधान आठवणार. इथे घटना म्हणजे कळ दाबली, माऊस हलला, एवढेच.)

हे व्याख्या पाठ करून कळते काय? मुळीच नाही. त्याला छोटा पण पूर्ण नमुना ओळीने वाचावा लागतो. चार्ल्स पेट्झोल्ड यांच्या १९८८ सालच्या 'प्रोग्रॅमिंग विंडोज' या ग्रंथाने तेच केले. त्या पद्धतीच्या नमुन्यात 'गेटमेसेज' रांगेतून एक निरोप उचलतो, 'डिस्पॅचमेसेज' तो खिडकीच्या फंक्शनकडे धाडतो आणि तिथे ठरते की चित्र काढायचे, कळ वाचायची की दुकान बंद करायचे. एका निरोपाला फार वेळ लागला तर मागची रांग तुंबते. पडद्यावर 'नॉट रिस्पॉन्डिंग' दिसते ते त्यामुळेच. ही एक गोष्ट कळली की निम्मे काम झाले.

पण असे ग्रंथ जाडजूड आणि महागडे. ज्यांच्या घरी ऐपत होती त्यांनी घेतले. आपल्या पोरांनी क्लासच्या झेरॉक्सवर भागवले, आणि झेरॉक्समध्ये नेमका तो फेरा असलेले पान गायब! १९९१ साली व्हिज्युअल बेसिक आले. बटणावर दोनदा टिचकी मारा आणि दोन ओळींच्या मध्ये लिहा. त्यावर अनेकांची भाकरी निघाली, हे आम्ही नाकारत नाही. परंतु रांग आणि फेरा दोन्ही पडद्याआड गेले, आणि अडले की कुठे पाहावे हे कळेना.

आज ती सबब उरलेली नाही. मायक्रोसॉफ्टने आपले जुने नमुने गिटहबवर उघडे ठेवले आहेत. विंडोजचा जुना फाइल मॅनेजर २०१८ साली मूळ कोडसह खुला झाला. तो खरा, वापरातला प्रोग्रॅम आहे, पण पहिल्याच दिवशी त्याला हात घालू नये, माणूस हरवतो. ज्याच्याकडे नेट तासावर मोजून येते त्याने पायथॉन एकदा उतरवून घ्यावी. विंडोजवर तिच्याबरोबर 'आयडल' हा संपादक येतो, आणि तो पायथॉनमध्येच लिहिलेला असल्याने त्याचा सगळा कोड 'आयडललिब' या फोल्डरमध्ये वाचायला मिळतो. शेजारच्या 'टर्टलडेमो' मध्ये लहान नमुने आहेत. म्हणजे ग्रंथ घरातच आहे, फक्त कपाट उघडायचे आहे.

आणि नुसते वाचू नये, मोडून पाहावे. सीमधला खिडकीचा छोटा नमुना हाताने टाइप करा, चालवा. मग 'पोस्टक्विटमेसेज' ही एक ओळ काढून टाका. खिडकी बंद केली की पडद्यावरून जाईल. त्यानंतर टास्क मॅनेजर उघडा. प्रोग्रॅम तिथे जिवंत असेल, रिकाम्या रांगेपुढे बसून, कधीच न येणाऱ्या निरोपाची वाट पाहत.